दोन बॉड्या, एक बॅग: क्रॉप आणि फुल फ्रेममधला लेन्सचा घोळ कसा सोडवायचा

मालवणजवळच्या एका घरी गणपतीच्या पाचव्या दिवशी मी कुटुंबाचा फोटो काढत होते. मुंबईहून आलेले चाकरमानी, गावातली भावकी, कडेवरची पोरं धरून त्रेचाळीस माणसं खळ्यात उभी होती. मागून घरातले आजोबा सांगत होते, "ताय, सगळी माणसां येवक व्हयी हां!" माझ्या निकॉन डी ७५० वर २४-१२० एमएमची झूम लेन्स होती (आकडा जितका लहान, तितकं रुंद दिसतं) आणि २४ वर दोन्ही टोकांची माणसं कापली जात होती. मागे सरकायला जागा नव्हती, पाठ चिऱ्यांच्या गडग्याला टेकली होती. सर कधीही येईल असं आभाळ भरलेलं. घाईत मी बॅगेतून १८-१४० काढली. अठरा म्हणजे चोवीसपेक्षा रुंद, एवढाच विचार केला. व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तर सगळे दिसत होते. क्लिक केलं, स्क्रीनवर पाहिलं, तर आधीपेक्षा जास्त माणसं कापलेली.

शेवटी दोन रांगांच्या तीन केल्या, पोरांना पुढे मांडी घालून बसवलं आणि त्याच लेन्सने फोटो उरकला. महिन्याभराने घरच्यांनी वीस बाय तीसची फ्रेम करायला फाइल मागितली, तेव्हा खरी चूक कळली. फाइल ३९३६ बाय २६२४ ची होती. चोवीस मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून जेमतेम दहा मेगापिक्सेल. तीस इंच रुंदीवर हे इंचाला १३१ पिक्सेल पडतात, पूर्ण फाइल असती तर २०० पडले असते. मागच्या रांगेतल्या आजींच्या चेहऱ्यावरच्या बारीक सुरकुत्या त्या फ्रेममध्ये पुसटच आल्या.

तेव्हापासून हा प्रश्न मला फार जवळचा झाला. आमच्याकडे बहुतेक फोटोग्राफर असेच वाढतात: आधी क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरचा कॅमेरा, चार-पाच लग्नांचे सीझन झाले की जुनी न विकता मोठ्या सेन्सरची फुल फ्रेम. मग दोन्ही बॉड्या एका बॅगेत आणि लेन्स एकमेकांत मिसळलेल्या. कुडाळचा माझा मामेभाऊ दर सीझनला एकदा तरी फोन करतो, "ताई, फोटो लहान का येतायत?" किंवा "कोपरे काळे का झाले?" प्रश्न दरवेळी वेगळा वाटतो, पण मूळ एकच असतं. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवते आहे. माझ्याकडे निकॉनच्या डी ७५० (फुल फ्रेम) आणि डी ७२०० (क्रॉप) आहेत, त्यामुळे आकडे त्यांचे आहेत. बाकीच्या कंपन्यांचं जिथे वेगळं आहे तिथे सांगते.

त्या खळ्यात नेमकं काय झालं

फुल फ्रेमचा सेन्सर ३६ बाय २४ एमएमचा. निकॉनच्या क्रॉप बॉडीचा साधारण २३.५ बाय १५.६ चा. क्रॉपसाठी बनवलेली लेन्स, म्हणजे निकॉनची डीएक्स, मागे जो प्रकाशाचा गोल पाडते तो या लहान सेन्सरपुरताच असतो. ती फुल फ्रेमवर लावली की कॅमेरा लेन्स ओळखतो आणि सेन्सरचा मधला भागच वापरतो. म्हणून चोवीसचे दहा मेगापिक्सेल.

आता रुंदीचं. माझी १८-१४० डीएक्स होती. मधलाच भाग वापरला गेल्यावर १८ ला दीडने (३६ भागिले २३.५, साधारण दीड) गुणायचं: २७. म्हणजे मी २४ काढून २७ लावली. रुंद करायला गेले आणि अरुंद करून बसले. व्ह्यूफाइंडर ऑप्टिकल असल्यामुळे त्यात लेन्सला दिसेल ते सगळं दिसतं, आत फक्त क्रॉपच्या चौकटीच्या रेषा येतात. गडबडीत त्या रेषांकडे माझं लक्ष गेलं नाही.

आणि लेन्स बसली कशी? कारण निकॉनचा एफ माउंट, म्हणजे लेन्स बसवायची कडी, १९५९ पासूनचा, क्रॉप आणि फुल फ्रेम दोन्ही डीएसएलआरना (आरशाच्या कॅमेऱ्यांना) तोच. अडवणारं काहीच नाही. सोय म्हणून ते उत्तमच आहे, पण चूकही तितक्याच सहज होते.

एक गैरसमज इथेच काढून टाकू, कारण तो मी अनुभवी माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे: "डीएक्स लेन्सवरचा आकडा आधीच गुणलेला असतो." नसतो. डीएक्स ३५ आणि फुल फ्रेमची ३५ क्रॉप बॉडीवर अगदी सारखाच फोटो देतात. लेन्सवरचा आकडा हा त्या लेन्सची खरी फोकल लेंग्थ, ती बॉडी बघून बदलत नाही. बदलतो तो सेन्सर किती भाग कापून घेतो तो.

फोटो लहान येतायत: आधी फाइल मोजा

मेनूत शिरण्याआधी फाइलचे पिक्सेल बघा. इमेज साइज एल (लार्ज) वर असेल तर डी ७५० ची पूर्ण फाइल ६०१६ बाय ४०१६. तिच्यात १.२ पट क्रॉपची एक मधली सोय आहे, ती चालू असेल तर ५००८ बाय ३३३६. डीएक्स क्रॉप असेल तर ३९३६ बाय २६२४. डी ७२०० ची पूर्ण फाइल ६००० बाय ४०००, आणि तिच्यातही १.३ पटीचा आणखी एक क्रॉप आहे, तो लागला तर ४८०० बाय ३२००. हे आकडे मी मोबाइलमध्ये लिहून ठेवलेत. मामेभावाने आकडा सांगितला की काय झालंय ते फोनवरच कळतं.

३९३६ दिसलं आणि लेन्स डीएक्स असेल, तर कॅमेऱ्याचं काही चुकलेलं नाही. लेन्स बदला. ३९३६ दिसलं पण लेन्स फुल फ्रेमची असेल, तर शूटिंग मेनूतल्या 'इमेज एरिया'त जा. तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच बरेच जण फसतात. एक, इमेज एरिया स्वतः निवडणं. दुसरी, 'ऑटो डीएक्स क्रॉप' चालू की बंद. कोणीतरी पक्ष्याचे फोटो काढताना इमेज एरिया डीएक्स करून ठेवलेलं असतं आणि परत फिरवलेलं नसतं. मग कुठलीही लेन्स लावा, फोटो दहा मेगापिक्सेलचाच. बटणाला इमेज एरिया जोडलेलं असेल तर पट्टा गळ्यात असताना बटण आणि डायल मिळून ते नकळत फिरतं. माझ्या बाबतीत एकदा असंच झालं, म्हणून ते बटण मी आता दुसऱ्या कामाला लावलं आहे.

मी ऑटो डीएक्स क्रॉप कायम चालू ठेवते. बंद ठेवण्याचा सल्ला काही जण देतात, पण कामाच्या दिवशी काळ्या कोपऱ्यांचे चारशे फोटो घरी नेण्यापेक्षा लहान पण स्वच्छ फोटो परवडतात.

कोपरे काळे

याची तीन कारणं, आणि कोपऱ्याकडे नीट पाहिलं तर कुठलं ते ओळखता येतं.

काळेपणाची कड गोल आणि गर्द असेल, जणू नळीतून बघितल्यासारखी, तर डीएक्स लेन्स फुल फ्रेमवर आहे आणि ऑटो क्रॉप बंद आहे. काही डीएक्स लेन्सचा गोल मात्र गरजेपेक्षा बराच मोठा असतो. डीएक्स ३५ एमएम १.८ माझ्या डी ७५० वर क्रॉप बंद करून लावली तर कोपरे थोडे मंदावतात, बाकी फ्रेम भरते. घरगुती फोटोंना चालतं. गिऱ्हाइकाच्या कामाला मी ते करत नाही.

काळेपणा फक्त टोकाला, तिरक्या पाकळीसारखा असेल, तर हूड वाकडा बसलाय किंवा लेन्सवर फिल्टर चढवून ठेवलेत. यूव्ही फिल्टरवर पोलरायझर (चमक कमी करणारा फिल्टर), दोन्हींच्या कडा जाड. हेच क्रॉप बॉडीवर दिसत नाही, कारण तिथे कोपरे मुळात कापलेलेच असतात. म्हणून माणूस म्हणतो, "त्या कॅमेऱ्यावर तर बरोबर येतं!" फिल्टर एकच ठेवा, आणि समुद्रावर तो स्वच्छ यूव्ही असू दे. खाऱ्या थेंबांचा मार त्याला बसतो, लेन्सला नाही. पोलरायझरबद्दल एक जास्तीचं: १६ एमएमसारख्या रुंद लेन्सवर तो आभाळ सारखं गडद करत नाही, मध्येच एक काळपट निळा पट्टा येतो. गुहागरच्या किनाऱ्याचा लांबलचक फोटो मी असाच घालवला होता.

आणि काळोखी हळूहळू कडेकडे उतरत जाणारी, मऊ असेल, तर ती लेन्सची स्वभावाची गोष्ट. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, पूर्ण उघडं असताना बहुतेक लेन्सना हे होतं. ते दोन स्टॉप (पायऱ्या) बंद करा, जवळजवळ निघून जातं.

एकीवर शार्प, दुसरीवर मऊ

हे सगळ्यात त्रासदायक, कारण माणूस लेन्सवर संशय घेतो आणि चांगली लेन्स विकून बसतो. माझ्याकडची ८५ एमएम १.८ डी ७२०० वर पापणीन् पापणी दाखवायची आणि डी ७५० वर तोच चेहरा किंचित धूसर यायचा. दोन महिने मी ती लेन्स बाजूला ठेवली होती.

डीएसएलआरमध्ये फोकसचं मोजमाप सेन्सरवर होत नाही, आरशाच्या खालच्या वेगळ्या यंत्रणेत होतं. त्या यंत्रणेत आणि सेन्सरच्या अंतरात बारीकसा फरक प्रत्येक बॉडीत वेगळा असू शकतो. लेन्स तीच, पण दोन बॉड्यांशी तिचं जमणं वेगळं. तपासायचं असं: ट्रायपॉड लावा, एक पट्टी तिरकी ठेवा, अपर्चर पूर्ण उघडा. आधी व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून फोटो घ्या, मग लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून. लाइव्ह व्ह्यूचा शार्प आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला तर लेन्स ठणठणीत आहे, सेटअप मेनूतलं 'एएफ फाइन ट्यून' वापरायचं आहे. उणे २० ते अधिक २० पर्यंत आकडा देता येतो. तो आकडा त्या बॉडीत त्या लेन्ससाठी साठवला जातो, बारा लेन्सपर्यंत. दुसऱ्या बॉडीत वेगळा साठवायचा. माझ्या ८५ ला डी ७५० वर उणे ७ लागतो, डी ७२०० वर शून्य. झूम लेन्सला एकच आकडा देता येतो, म्हणून ज्या टोकाला जास्त वापरता त्या टोकाला जुळवा. मिररलेस (आरसा नसलेली) बॉडी फोकस सेन्सरवरच मोजते, त्यामुळे तिला ही कटकट सहसा नसते.

उलट तक्रारही येते: फुल फ्रेमवर शार्प, क्रॉपवर मऊ. त्याचं कारण बहुधा फोकस नसून हात असतो. दोन्ही बॉड्या चोवीस मेगापिक्सेलच्या, पण डी ७२०० चे पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचे आणि डी ७५० चे ६ मायक्रॉनच्या आसपास. लहान पिक्सेलवर तेवढाच हात हलला तरी जास्त पिक्सेल फरफटले जातात. जुना नियम असा की शटर हा लेन्सच्या एमएमइतका तरी जलद ठेवावा, ५० ला १/५० सेकंद. क्रॉपवर तो दीडने गुणा, ५० ला १/७५ किंवा वर. ३०० ला १/४५०. होडीत बसून काढत असाल तर त्याच्याही दुप्पट. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत मी १/१००० च्या खाली येत नाही.

लेन्स निवडताना रुंद टोकापासून मोजा

आता मूळ प्रश्नाकडे. दोन आकाराच्या बॉड्या असताना कुठली लेन्स घ्यायची?

माझं मत स्पष्ट आहे आणि ते बरेच फोटो वाया घालवून बनलेलं आहे. लांबच्या लेन्स दोन्ही बॉड्यांत वाटून घेता येतात, रुंद लेन्स येत नाहीत. म्हणून खर्च रुंद टोकापासून ठरवायचा.

उदाहरण म्हणून २४-१२० बघा. डी ७५० वर ती २४ पासून सुरू होते, घराचं माजघर, मांडव, पालखीभोवतीची गर्दी सगळं बसतं. तीच डी ७२०० वर ३६ पासून सुरू होते आणि माजघरात उभं राहून तुम्ही भिंतीला टेकता. क्रॉपवर २४ सारखं दिसायला खरी १६ लागते. त्यामुळे "चांगली फुल फ्रेमची झूम घेतली, आता दोन्हीकडे चालेल" हा हिशेब रुंद बाजूला कोसळतो. क्रॉपची १८-१४० किंवा १८-५५ जवळ असेल तर ती विकू नका. ती क्रॉपवरच राहू दे, तिचं काम तिथे आहे.

याला एक अपवाद आहे आणि तो मला फार उपयोगी पडला. फुल फ्रेमची अति-रुंद झूम, जशी १६-३५ एफ ४. डी ७५० वर ती खरोखर रुंद असते. डी ७२०० वर ती २४ ते ५२ सारखी होते, म्हणजे रोजच्या फिरण्याची झूम. एकच महागडी लेन्स घेण्याइतके पैसे असतील आणि दोन्ही बॉड्या वापरात असतील, तर २४-७० ऐवजी मी १६-३५ कडे बोट दाखवीन. २४-७० क्रॉपवर ३६-१०५ होते, धड रुंद नाही, धड लांब नाही.

१६-३५ ची खरी ओळख मला राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर झाली. तिथली हत्तीची कातळशिल्पाकृती जमिनीवर कोरलेली, इतकी मोठी की पायाशी उभं राहिलं तर डोकं नजरेत येत नाही. कातळ सपाट, उंच उभं राहायला काही नाही. डी ७२०० वर १८ लावून मी चारही बाजूंनी फिरले, पूर्ण आकृती एका फोटोत बसली नाही. १६ डी ७५० वर लावली, कॅमेरा मोनोपॉडवर डोक्याच्या वर धरला आणि टायमर वापरला, तेव्हा बसली. इतकी रुंद लेन्स जवळचा भाग फुगवून दाखवते, हे मात्र लक्षात ठेवा. कॅमेरा शक्य तितका जमिनीला समांतर धरा, नाहीतर हत्तीचे पाय मोठे आणि सोंड दोरीएवढी होते. आणि जायचं ते सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरकं असताना. दुपारच्या उन्हात कोरलेल्या रेषेत सावलीच पडत नाही, कुठलीही लेन्स असो.

लांबच्या बाजूला चित्र उलटं. इथे क्रॉप बॉडी कमीपणा नाही, ताकद आहे. मिरकरवाडा बंदरात मासळी उतरते तेव्हा घारी आणि कुरव पक्षी घिरट्या घालतात. ७०-३०० च्या ३०० टोकाला दोन्ही बॉड्यांतून तीच ब्राह्मणी घार काढा. सेन्सरवर घारीचा आकार सारखाच पडतो, पण डी ७२०० तेवढ्या जागेत दोनपट जास्त पिक्सेल भरते. डी ७५० चा फोटो घरी येऊन कापला तर घारीभोवती दहा मेगापिक्सेल उरतात, डी ७२०० चे चोवीस. म्हणून टेली, म्हणजे लांबची, लेन्स एकच घ्या, ती फुल फ्रेमची घ्या, आणि ती बहुतेक वेळ क्रॉप बॉडीवर राहू द्या. फुल फ्रेमची एवढ्यासाठी की संध्याकाळी उजेड उतरला की ती डी ७५० वर पूर्ण ताकदीने लावता येते. डीएक्सची ७०-३०० हलकी आणि स्वस्त असते, पण संध्याकाळच्या त्या अर्ध्या तासात तुम्हाला दहा मेगापिक्सेलवर आणून सोडते.

वेळासला कासवांची पिल्लं समुद्राकडे सोडतात तेव्हा हे फार जाणवतं. पिल्लांना त्रास नको म्हणून माणसं दोरीच्या मागे, फ्लॅश अजिबात नाही, आणि वेळ पहाटेची किंवा सूर्यास्ताची. पुढे जाता येत नाही, उजेडही नाही. मी तिथे पोटावर झोपते, डी ७२०० वर ७०-३००, आणि ओल्या पुळणीवर पिल्लाच्या वल्ह्यांसारख्या पायांनी उमटलेली नक्षी पहिल्यांदा त्या चोवीस मेगापिक्सेलमध्येच मला नीट दिसली: दोन बाजूंना स्वल्पविरामासारखे ठसे, मधून कवचाच्या खालच्या भागाची ओढलेली बारीक रेघ.

मधल्या प्राइम (झूम नसलेल्या) लेन्सबद्दल फार सांगायला नको. ५० एमएम १.८ फुल फ्रेमची घ्या, दोन्हीकडे कामाची. डी ७५० वर साधी नजर, डी ७२०० वर ७५ सारखी, चेहऱ्यांना छान.

दशावतार, आणि अपर्चरचा गोंधळ

क्रॉपवर २.८ अपर्चर लावलं म्हणजे उजेडही कमी होतो का, हा प्रश्न मला बऱ्याचदा येतो. होत नाही. एक्स्पोजर तेच राहतं: तोच शटर, तेच अपर्चर, तोच आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), फोटो तितकाच उजळ. बदलतं ते मागच्या धूसरपणाचं प्रमाण. तीच चौकट क्रॉपवर बसवायची तर तुम्ही मागे जाता किंवा लहान एमएम वापरता, आणि मग २.८ चा धूसरपणा फुल फ्रेमच्या ४ इतका दिसतो. लग्नात नवरीच्या मागचे खांब आणि पंखे विरघळवायचे असतील तर फुल फ्रेमवर ८५ लावा.

रात्री दशावतार बघायला देवळासमोरच्या मांडवात बसता तेव्हा दुसरा फरक दिसतो. तिथे उजेड कमी, पात्र सतत हलतं, शंकासुराच्या लाल जिभेवर आणि काळ्या अंगरख्यावर एकाच वेळी तपशील हवा. आयएसओ ६४०० वर डी ७२०० च्या काळ्या भागात दाणे येतात आणि अंगरखा मातकट होतो. डी ७५० च्या सेन्सरचं क्षेत्रफळ दुपटीपेक्षा जास्त, तेवढा जास्त उजेड ती गोळा करते, काळा काळाच राहतो. म्हणून दशावताराला मी ८५ डी ७५० वर आणि ५० डी ७२०० वर ठेवते. पेटीवाला, पखवाजवाला आणि पुढे बसलेली पोरं क्रॉपवर, राजा आणि राक्षस फुल फ्रेमवर. एलईडीच्या उजेडात शटर १/१०० किंवा १/५० ठेवा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात, शटर जास्त जलद केला की फोटोत आडवे पट्टे येतात.

लेन्स बसतच नाही तेव्हा

कॅननच्या डीएसएलआरवर हा प्रश्न येतो. क्रॉपची ईएफ-एस लेन्स कॅननच्या ईएफ माउंटच्या फुल फ्रेम बॉडीवर बसत नाही. ती मागून आत शिरते, फुल फ्रेमचा मोठा आरसा तिला आपटू शकतो. ईएफ-एसवर पांढरा चौकोन असतो, ईएफवर लाल ठिपका. जोर लावू नका. मिररलेस आर बॉडीवर अडॅप्टर लावला की तीच लेन्स बसते आणि कॅमेरा स्वतः क्रॉप करतो. कॅननचा क्रॉप १.६ पट आहे, गुणाकार त्याने करा. सोनीच्या ई माउंटवर दोन्ही बसतात, क्रॉप आपोआप होतो.

निकॉनच्या छोट्या बॉड्या, डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या, घेतल्या असतील तर त्यात फोकसची मोटर नसते. जुनी एएफ-डी लेन्स बसते, पण फोकस हाताने करावा लागतो. लेन्स बिघडली असं समजून दुरुस्तीला देऊ नका.

लेन्स कमी ठेवा, आणि हे कोकणासाठी

बाहेरचे लोक सांगतात की प्रत्येक बॉडीसाठी वेगळा संच ठेवा. मला हे आपल्या हवेत पटत नाही. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, चार महिने भिंती ओल्या असतात. कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. माझी एक जुनी ३५-७० अशीच गेली: श्रावणात कपाटातून काढली, टॉर्च मागून मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. वापरात असलेल्या लेन्सला हवा आणि ऊन लागत राहतं, तिला बुरशी कमी धरते. म्हणून दोन बॉड्यांसाठी चार लेन्स पुरे: १६-३५, ५०, ८५, ७०-३००. क्रॉपची किट लेन्स पाचवी. या हवाबंद डब्यात, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवून, ४० ते ५० टक्क्यांवर राहतात. कोणाकडून जुनी लेन्स घेत असाल तर हाच टॉर्च आधी मारून बघा, किनाऱ्यावरच्या घरातली असेल तर दोनदा.

दुसरं कोकणी कारण खाऱ्या वाऱ्याचं. तारकर्लीला किंवा आचऱ्याला रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर वाळू आणि मीठ ओढून घेणं. दोन बॉड्या असण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला हाच वाटतो, मेगापिक्सेल नंतर. घरूनच डी ७५० वर १६-३५ आणि डी ७२०० वर ७०-३०० लावून निघायचं. रापणीचा दोर खांद्यावर घेऊन मागे चालणारी रांग जवळून रुंद लेन्सने, आणि पाण्यातल्या होडीतून जाळं आवळणारे हात लांबच्या लेन्सने. मधली जागा चालून भरून काढायची. सकाळभर एकही लेन्स उघडायची नाही.

या चुका परत होऊ नयेत म्हणून मी डीएक्स लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या झाकणांवर पिवळी इन्सुलेशन टेप चिकटवली आहे, आणि डी ७२०० च्या पट्ट्यालाही तीच. पिवळं पिवळ्याला. अंधारात, मांडवात, पावसाच्या घाईतही बोटांना टेपची कड लागते. कामाच्या आदल्या रात्री दोन्ही बॉड्यांतून एकेक फोटो काढून स्क्रीनवर आकडा बघते: ६०१६ आणि ६०००. बॅटऱ्या दोघींना एकच, ईएन-ईएल १५, त्या चार्जरवर. मामेभावाने यंदा त्याच्या झाकणांवर लाल टेप लावली, कारण दुकानात पिवळी संपली होती.